हवेची वाट

"किती झाल्या?" मामांनी ओट्यावरून विचारलं.

"मी मोजत नाही," मुकुंद म्हणाले आणि परत किकवर उभे राहिले.

मी मोजत होते. बाविसावी. चहाचा कप हातात धरून मी उंबऱ्यात उभी होते. चहावर साय धरली होती आणि तो आता कुणाला द्यायचा ते कळत नव्हतं. गाडी नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. हँडलला कालची झेंडूची माळ तशीच होती, दर किकला तिच्यातल्या दोन-चार पाकळ्या अंगणात पडत होत्या. दसऱ्याचा दुसरा दिवस. दिघंचीहून दिवस उगवायलाच फोन आला होता, म्हैस रेकून रेकून दावं तोडायला बघतेय, लवकर या.

मुकुंद म्हणजे माझे यजमान. तेव्हा मी त्यांना नावानं हाक मारत नव्हते, आता मारते, म्हणून इथंही तसंच लिहिते. दूध संघाकडून गावोगाव जाऊन गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं त्यांचं काम. आटपाडीच्या आजूबाजूची चौदा-पंधरा गावं त्यांच्याकडं. जनावर माजावर आलं की ठरावीक तासांत पोचावं लागतं. वेळ हुकली की एकवीस दिवस थांबा, आणि तेवढे दिवस तो शेतकरी आपल्याला विसरत नाही. गाडी म्हणजे त्यांचे पाय होते.

आणि मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत. मुकुंद त्यांना नाना म्हणत. मामांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, डिझेल पंपाच्या कामावर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. घास तोंडाशी नेताना दिसायचं, आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं करायचं, असं घरात ठरल्यासारखं झालं होतं. खंडेनवमीच्या आधी मुकुंद म्हणाले होते, यंदापासून गाडी पोपट मिस्त्रीकडं देऊ. मामांना ते लागलं. खंडेनवमीला गाडी उघडून साफ करायची, तिची आणि पान्यांची एकत्र पूजा करायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. ते म्हणाले, एवढ्या खेपेला करतो, काही बिघडलं तर पुन्हा पान्याला हात लावणार नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाले. मला वाटतं, जिंकू या खात्रीनंच म्हणाले.

त्यामुळं त्या सकाळी अंगणात नुसती गाडी अडली नव्हती.

मामा ओट्यावरून उतरले. त्यांनी प्लग खोलला, टोपीत बसवून इंजिनाला टेकवला आणि मला हाक मारली. "उर्मिला, ये, तो कप ठेव तिथं. हातानं किक दाब बघू." मी दाबली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली.

"ठिणगी आहे," मामा म्हणाले. "पण हे बघ, कोरडा ठणठणीत. एवढ्या किक मारल्यावर हा भिजायला पाहिजे. म्हणजे पेट्रोल येत नाही."

"अर्धी टाकी भरलेली आहे, नाना," मुकुंद म्हणाले, आणि ते दाखवायला त्यांनी किल्ली घालून टाकीचं झाकण उघडलं. उघडताना कुणीतरी उसासा सोडावा तसा बारीक आवाज आला. दोघांनी आत डोकावलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, प्लग बसवला, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

मामांनी कमरेवर हात ठेवून मुलाकडं बघितलं. प्लगच्या टोपीत काहीतरी बसलं असंल, म्हणाले. मुकुंद हसले, थोडे शरमलेही, आणि वीर्यमात्रा गार ठेवायचं नायट्रोजनचं भांडं मागं बांधून निघून गेले. मामा परत ओट्यावर बसले आणि तो साय धरलेला, गार झालेला चहा त्यांनी आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखा चवीनं प्यायला.

शेजारच्या शेवंतामावशी तेवढ्यात येऊन गेल्या. आत्यांनी त्यांना खंडेनवमीची पूजा सांगितली, सुनेनं टाकीच्या झाकणावर किती सुबक स्वस्तिक काढलं होतं ते सांगितलं. गाडी आता गेली, नाहीतर दाखवलं असतं, म्हणाल्या. लग्नाला नऊ महिने झाले होते माझ्या. आत्यांनी माझं कुणासमोर कौतुक केलं ते त्या दोन दिवसांतच पहिल्यांदा.

मुकुंद दुपारी आले ते एका टेम्पोत, गाडी आडवी घालून. गाडी दिघंचीच्या अलीकडंच बंद पडली होती. नायट्रोजनचं भांडं मांडीवर घेऊन ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून पुढं गेले, तर म्हैसवाल्यानं वाट बघून दुसऱ्या संघाचा माणूस बोलावला होता आणि तो काम उरकून हात धूत होता. "तो मलाच म्हणाला, साबण आहे का," मुकुंद सांगत होते. आत्या हसल्या. मुकुंद हसले नाहीत.

जेवून ते झोपले आणि मामांनी गाडी सावलीला घेतली. मला म्हणाले, तू जरा हाताशी थांब.

तोपर्यंत मामा माझ्याशी फार बोलले नव्हते. सासरे बोलतात तेवढंच, पाणी दे, पेपर आला का. त्या दुपारी मात्र ते तासभर बोलत होते. त्यांची वर्कशॉपातली एक सवय होती. बिघाड सापडेना की जमिनीवर खडूनं लांब रेघ ओढायची, टाकीपासून इंजिनापर्यंत, आणि वाटेतल्या प्रत्येक जागेला एक टिंब द्यायचं. टाकी, कॉक, जाळी, नळी, कार्बोरेटरची वाटी, तरंगा, जेट. मग एकेक जागा उघडून बघायची, ठीक निघाली की टिंबावर फुली. "मधेच उडी मारायची नाही," ते म्हणाले. "माणूस हुशारी करून उडी मारतो आणि तिथंच फसतो. पेट्रोलच्या मागनं चालत राहायचं. कुठपर्यंत आलं, एवढंच विचारायचं."

त्यांनी झाकण उघडं टाकून आत बॅटरी मारली. टाकीत गंज नव्हता. फुली. कॉक काढला, जाळी स्वच्छ. फुली. नळी सोडली तर पेट्रोलची धार माझ्या हातातल्या डब्यात पडली, चांगली जाड धार. फुली. कार्बोरेटरची वाटी त्यांनी काढून माझ्या तळहातावर ठेवली, आमटीच्या वाटीपेक्षा लहान. तिच्यात तरंगा असतो, पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईनं दार लावून घेतो, हे त्यांनी मला करून दाखवलं. मग जेट. मोहरीएवढ्या भोकाचा पितळी स्क्रू. उन्हाकडं धरून मला बघायला लावलं. पलीकडचं आभाळ दिसत होतं.

तो जेट परत बसवताना त्यांचा हात जमेना. पेचकसाचं टोक खाचेत बसायचं आणि निसटायचं. पुन्हा बसायचं, निसटायचं. चौथ्या वेळी मी काही न विचारता त्यांचं मनगट धरलं. त्यांनी धरू दिलं. जेट बसला.

"डिझेलचं बरं असतं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तिथं एकच वैरी, हवा. पाइपात हवेचा बुडबुडा शिरला की एवढी मोठी गाडी जागेवर उभी. आयुष्यभर मी हवा बाहेर काढली."

सगळ्या टिंबांवर फुल्या झाल्या. कुठंच काही सापडलं नव्हतं, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्यांनी घराला दोन फेऱ्या मारल्या, दुसऱ्या फेरीला माझ्यासमोरून जाताना हॉर्न दिला. मला माझ्या वडलांची आठवण आली. आमच्या घरी इचलकरंजीला चार माग होते, आणि अडलेला माग चालू झाला की अण्णा असेच उगाच घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करायचे.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा सहा किलोमीटरवर बंद पडली.

या खेपेला मुकुंद ती ढकलत घेऊन आले. शर्ट पाठीला चिकटला होता. अंगणात आल्यावर त्यांनी गाडी उभी केली आणि आवाज न चढवता बोलले, त्यामुळं ते जास्त लागलं. "नाना, एसटीला कार्बोरेटर असतो का? नसतो ना? मग आपल्याला कळत नाही एवढं म्हणायला काय जातंय?" मामांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मुकुंद म्हणाले, शब्द तुम्हीच दिला होता, मी मागितला नव्हता. उद्या गाडी पोपट मिस्त्रीकडं जाईल.

मामा ओट्यावर जाऊन बसले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

त्याच दुपारी दिवाळीच्या तळणाला तेलाचा पंधरा किलोचा डबा आला होता. आत्या आत चकलीची भाजणी भाजत होत्या. मला म्हणाल्या, डबा फोड आणि बरणीत तेल काढ. मी सोप्यात बसून खिळ्यानं डब्याच्या एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा बरणीवर कलता केला. तेल भक्कन आलं, थांबलं, पुन्हा भक्कन आलं, माझ्या पायावर सांडलं, आणि मग थेंब थेंब होऊन बंद पडलं. मी डबा हलवला. काही येईना.

आतून आत्यांनी आवाज दिला, "दुसरं भोक पाड की गं. आत हवा गेल्याशिवाय बाहेर तेल कसं येईल? एवढं कसं कळत नाही?"

मी समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं. तेलाची धार एकसारखी लागली, आवाज न करता. मी तिच्याकडं बघत बसले.

झाकण उघडल्यावर येणारा तो उसासा मला आठवला. आठवलं की गाडी दर वेळी झाकण उघडल्यानंतरच सुरू झाली होती, त्या दिवशी सकाळी काय आणि दुपारी काय, आणि थोडी चालून गुदमरली होती. बरणी भरून वाहायला लागली तेव्हा मी डबा सरळ केला, पाय पुसला आणि अंगणात गेले.

माझं स्वस्तिक झाकणावर अजून चकचकत होतं. नुसत्या पाण्यातलं कुंकू असतं तर पहिल्याच दिवशी वाऱ्यानं उडून गेलं असतं. पण आमच्या माहेरी मागावरचं स्वस्तिक खळीत कालवलेल्या कुंकवानं काढतात. खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून लावायची पिठाची शिजवलेली चिकट पेज. वाळली की नखानं निघत नाही, वर्षभर टिकते. मी मुद्दाम खळ शिजवली होती, सासरी आपलं काहीतरी दिसावं म्हणून. किल्लीचं भोक मी नीट चुकवलं होतं. त्याच्या शेजारी टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं, ते कशाला आहे हे मला माहीत नव्हतं. स्वस्तिकाला चार ठिपके द्यायचे असतात. चौथा ठिपका मी नेमका त्याच्यावर दिला होता, भरगच्च.

मी बांगडीला लावलेली पिन काढली आणि त्या ठिपक्यात खुपसली. आधी जाईना. मग कुंकवाचा टवका उडाला आणि टाकीनं बारीक आवाज करून श्वास आत घेतला. मी भोक आतून फिरवून फिरवून साफ केलं, टवके पदरात गोळा केले आणि परसात जाऊन राखेत टाकले.

गाडी दुरुस्त झाली होती. ते जगात एकट्या मला माहीत होतं.

मी सांगणार होते. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच सांगणार होते. भाकऱ्या थापताना मी वाक्यं जुळवत होते. आधी आत्यांना सांगावं की मुकुंदांना, हसत सांगावं की रडत. पण परवा अण्णा येणार होते, दिवाळसणाचं आवतण घेऊन. त्यांच्या पुढ्यात ही गोष्ट निघेल, तुमच्या खळीनं आमची गाडी बंद पाडली, म्हैस हुकवली, असं आत्या चहा देता देता म्हणतील, आणि अण्णा कपात बघत राहतील, ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. शेवंतामावशी दिसायला लागल्या. एकेक भाकरी तव्यावर पडत होती आणि माझं वाक्य एकेक शब्दानं कमी होत होतं.

जेवायला सगळे बसले. मी वाढत होते.

मामा म्हणाले, "मुकुंदा, उद्याचा एक दिवस थांब. गाडी आता चालेल."

"कशावरून?"

"चालेल असं वाटतंय."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, ताटातच ठेवला, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. "उर्मिला होती माझ्या हाताशी," ते म्हणाले. "तिनं सगळं बघितलंय. तिला विचार, काही राहून गेलं असंल तर ती सांगंल."

मुकुंद माझ्याकडं वळले. आत्याही बघायला लागल्या. माझ्या हातात आमटीचा डाव होता.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

मामा "बरं" म्हणाले आणि जेवायला लागले. त्या दिवशी त्यांचा हात इतका हलत होता की आमटी ताटाबाहेर सांडली, आणि पहिल्यांदाच आत्यांनी ती सगळ्यांच्या देखत पुसली.

दुसऱ्या दिवशी पोपट मिस्त्रीनं गाडी उघडली आणि मिटली. तरंगा थोडा उंच बसला होता, म्हणाला, आणि विचारलं, कुणी हात लावला होता का. त्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यालाही वाटलं असेल की आपणच दुरुस्त केली. गाडी त्यानंतर पुन्हा कधी तशी अडली नाही. मुकुंदांनी घरी येऊन सांगितलं, आत्यांनी शेवंतामावशींना सांगितलं, आणि दिवाळीपर्यंत आमच्या आळीत सगळ्यांना माहीत झालं की नानांचा हात गेला.

मामांनी शब्द पाळला. पाने, पेचकस, पक्कड, सगळं त्यांनी रॉकेलनं धुऊन उन्हात वाळवलं, वर्कशॉपातल्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलं आणि पिठाच्या गिरणीवाल्याला देऊन टाकलं. गाठोडं बांधायला त्यांना सुतळी हवी होती. ती मी आणून दिली.

अण्णा आले, चहा प्यायले, मला दिवाळीला घेऊन गेले. सगळं गोड झालं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला पूजेत पाने नव्हते. पाटावर आत्यांनी विळी मांडली, कोयता मांडला, माझी शिवणाची कात्री मांडली. मग मी तबक घेऊन गाडीकडं गेले. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी सांगितलं, "यंदा झाकणावर नको काढूस. पुढं दिव्याखाली काढ."

तबकातलं निरांजन कललं. मी ते सरळ केलं.

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

त्यांनी पेपर मिटला. आत आत्या आहेत का ते बघितलं. "तू तेलाचा डबा फोडलास तेव्हा मीही इथंच बसलो होतो. ती तुला ओरडली ते मीही ऐकलं. म्हटलं, अरे, जन्मभर हवा काढत बसलो, आत यायला हवा लागते हे डोक्यातच आलं नाही." ते जरासे हसले. "उठून गाडीकडं यायला लागलो, तर तू आधीच तिथं होतीस. पिन घेऊन."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील असं वाटलं," मामा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, रडले असते, आणि कदाचित त्याच दिवशी सगळं निस्तरलं असतं. त्यांनी पेपर परत उघडला. मी दिव्याखाली स्वस्तिक काढलं, साध्या पाण्यातल्या कुंकवानं, आणि आत गेले. तेव्हाही मी मुकुंदांना काही सांगितलं नाही. वर्ष झालं होतं, आता उकरून काय करायचं, असं मी मनाला सांगितलं. पुढच्या वर्षी दोन वर्षं झाली होती.

घरात त्या गोष्टीचा विनोद होऊन बसला. पाहुणे आले, गाड्यांचा विषय निघाला की मुकुंद सांगायचे, आमच्या नानांनी खडूनं रेघ ओढून गाडी दुरुस्त केली आणि मग पोपट मिस्त्रीनं ती चालू केली. लोक हसायचे. मामाही हसायचे. सांगायची लकब दर वर्षी सुधारत गेली आणि मामा हसायची जागा बरोबर ओळखायला लागले. मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काढायला ठरवून जायची.

मागच्या महिन्यात गाडी विकली. घेणारे बापलेक आले होते, त्यांच्यापुढं मुकुंदांनी एका किकला गाडी सुरू करून दाखवली आणि त्यांनाही ती गोष्ट सांगितली. ते गाडी घेऊन गेले. मामा सोप्यात खुर्चीवर बसले होते, मांडीवर माझी मैथिली. ती अडीच वर्षांची आहे आणि आजोबांच्या हातून केळं खाते. घास तोंडाशी येईपर्यंत इकडं तिकडं हलतो, तिला वाटतं ते आपल्याला खेळवतात, आणि ती तोंड उघडून त्या घासाच्या मागं मान हलवते. त्या दिवशीही ती तशीच मान हलवत होती. ते बघताना मला काय झालं कुणास ठाऊक. दहा वर्षं जे वाक्य जुळत नव्हतं ते मी एका दमात बोलून गेले. खळ, चौथा ठिपका, तेलाचा डबा, पिन, आमटीचा डाव. सगळं.

मुकुंद हसायलाच लागले. "अगं, एवढंच? मग तेव्हाच सांगायचं होतं की. मीच तुला स्वस्तिक काढायची बंदी घातली असती, आणखी काय." ते वडलांकडं वळले. "नाना, ऐकलंत का? गाडी तुम्ही बिघडवलीच नव्हती. हिनं झाकण बुजवलं होतं."

मामांनी मैथिलीच्या हनुवटीवरचं केळं पुसलं. "कसलं झाकण?"

"टाकीचं, मामा," मी म्हणाले. "मी पिननं साफ केलं ते तुम्ही बघितलं होतं. मला पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणालात, ओट्यावरून, झाकणावर काढू नको म्हणून."

ते आठवल्यासारखं करत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं इतकी निरखून बघत होते की माझे डोळे चुरचुरायला लागले. पण ते मला सावरून घेतायत की त्यांना खरंच आठवत नाही, मला ओळखता आलं नाही. अजून येत नाही.

"छे," ते शेवटी म्हणाले. "तरंगा उंच बसला होता. पोपटनं दाखवला की. माझाच हात तेव्हापासून कामातनं गेला." आणि तोच हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं अंगावर घेऊ नये, बाळ."

मुकुंदांनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या कौतुकानं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.